प्रस्तरारोहणाची प्राथमिक साधने

प्रस्तरारोहणाची प्राथमिक साधने म्हणजे कातळकडा, सुळका किंवा कृत्रिम भिंत चढताना आरोहकाचे पतन रोखण्यासाठी, त्याला सुरक्षितपणे खाली उतरवण्यासाठी आणि चढाई सुलभ करण्यासाठी वापरली जाणारी किमान आवश्यक साधने होत. त्यांत प्रस्तरारोहणाचे बूट, हार्नेस, शिरस्त्राण, दोर, कॅराबिनर, बिले साधन, स्लिंग आणि सहाय्यक दोरी यांचा समावेश होतो. आधुनिक मुक्त प्रस्तरारोहणात आरोहक स्वतःच्या हातापायांच्या बळावर वर जातो. दोर व त्याला जोडलेली साधने केवळ पतनाच्या वेळी उपयोगी पडतात. ही साधने एका साखळीतील कड्यांप्रमाणे एकमेकांवर अवलंबून असतात. त्यामुळे नवोदित आरोहकाने साधनांची निवड करताना किंमत वा बाह्यरूप यांपेक्षा साधनाचा नेमका उद्देश, त्यावरील प्रमाणन आणि मापाची अचूकता या बाबींना प्राधान्य देणे आवश्यक मानले जाते.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात युरोपातील आल्प्स पर्वतात गिर्यारोहक ताग व अन्य वनस्पतिजन्य तंतूंचे दोर थेट कमरेला बांधत. असे दोर मोठ्या पतनात तुटण्याचा संभव असे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनी व ऑस्ट्रियातील आरोहकांनी लोखंडी पिटॉन आणि कॅराबिनर यांचा वापर रूढ केला. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली दोरावर घट्ट बसणारी व भार काढताच सरकवता येणारी गाठ प्रसिद्ध केली. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नायलॉनचे दोर प्रचारात आले. १९५३ साली जर्मनीतील एडेलरिड या कंपनीने गाभा व आवरण असे दोन भाग असलेला दोर विकसित केला. आजचे बहुतेक सर्व दोर याच रचनेचे असतात. फ्रेंच आरोहक प्येर आलँ यांनी रबरी तळव्याचे घट्ट बूट प्रचारात आणले, तर १९८० च्या दशकाच्या प्रारंभी बोरेआल या स्पॅनिश कंपनीच्या चिकट रबराच्या बुटांनी घर्षणावर आधारित चढाईचे स्वरूप बदलले. १९५० च्या दशकात अमेरिकन आरोहक जॉन गिल यांनी जिम्नॅस्टिक्समधील चॉकचा वापर प्रस्तरारोहणात आणला. स्प्रिंगवर चालणारे कॅम हे रे जार्डीन यांनी विकसित केलेले साधन १९७८ पासून 'फ्रेंड' या नावाने बाजारात उपलब्ध झाले.

## आरोहणप्रकारानुसार आवश्यकता

सर्व साधने प्रत्येक प्रकारात लागत नाहीत. नवोदिताने प्रथम कोणत्या प्रकारची चढाई करावयाची हे निश्चित केल्यास अनावश्यक खर्च टळतो.

- बोल्डरिंग : कमी उंचीच्या शिळांवर दोराविना केलेली चढाई. यासाठी बूट, चॉक आणि खाली अंथरण्याची जाड गादी पुरेशी असते. कर्नाटकातील हंपीच्या ग्रॅनाइट शिळा यासाठी प्रसिद्ध आहेत.
- टॉप रोप : दोर आधीच माथ्यावरील आधारातून ओवलेला असतो. पतन अल्प असल्याने शिकण्यासाठी हा प्रकार सर्वाधिक योग्य समजला जातो. बूट, हार्नेस, शिरस्त्राण, लॉक होणारा कॅराबिनर व बिले साधन एवढी वैयक्तिक साधने यात लागतात.
- स्पोर्ट क्लाइंबिंग : आरोहक दोर घेऊन खालून वर जातो व कातळात कायमस्वरूपी बसवलेल्या बोल्टना क्विकड्रॉच्या साहाय्याने दोर जोडत जातो. कर्नाटकातील बदामीचे वालुकाश्माचे कडे या प्रकारासाठी ओळखले जातात.
- पारंपरिक आरोहण : आरोहक भेगांमध्ये नट, कॅम इत्यादी साधने स्वतः बसवतो व मागून येणारा सहकारी ती काढून घेतो. यासाठी साधने व अनुभव दोन्ही अधिक लागतात.

## मानके व प्रमाणन

१९३२ साली फ्रान्समधील शामोनी येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाने, म्हणजेच यू.आय.ए.ए. या संस्थेने, १९६० च्या दशकापासून साधनांसाठी सुरक्षा मानके निश्चित केली. युरोपीय मानके ईएन या अक्षरांनी ओळखली जातात. युरोपात विकल्या जाणाऱ्या अशा साधनांवर सीई खूण असणे कायद्याने बंधनकारक आहे.

| साधन | युरोपीय मानक | प्रमुख अपेक्षा |
|---|---|---|
| डायनॅमिक दोर | ईएन ८९२ | एकेरी दोराने किमान ५ प्रमाणित पतने सहन करणे. पहिल्या पतनात कमाल १२ किलोन्यूटन आघात |
| कॅराबिनर | ईएन १२२७५ | लांबीच्या दिशेने, दार बंद असता किमान २० किलोन्यूटन |
| हार्नेस | ईएन १२२७७ | बैठ्या हार्नेससाठी १५ किलोन्यूटन |
| शिवलेली स्लिंग | ईएन ५६६ | किमान २२ किलोन्यूटन |
| शिरस्त्राण | ईएन १२४९२ | आघातचाचणीत डोक्याकडे कमाल १० किलोन्यूटन बल |

एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने १०० किलोग्रॅम वस्तुमानाचा स्थिर भार होय. साधनावर खूण छापलेली असली तरी निर्मात्याचे नाव, मानकाचा क्रमांक, उत्पादनाचे वर्ष आणि माहितीपत्रक या चार बाबी आढळल्या नाहीत तर ते साधन आरोहणासाठी वापरू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. किल्ल्या अडकवण्यासाठी विकले जाणारे कॅराबिनरसदृश आकडे, सामान बांधण्याचे दोर आणि हार्डवेअरच्या दुकानातील नायलॉन दोरी यांना असे प्रमाणन नसते.

## वैयक्तिक साधने

### बूट

प्रस्तरारोहणाचे बूट पातळ, घट्ट व गुळगुळीत रबरी तळव्याचे असतात. तळव्यावर नक्षी नसल्याने कातळाशी संपर्काचे क्षेत्र वाढते. नवोदितासाठी सपाट घडणीचे, मध्यम ताठर तळव्याचे बूट उपयुक्त ठरतात. खाली वळलेल्या टोकाचे बूट बाहेर झुकलेल्या अवघड कड्यांसाठी असतात व दीर्घकाळ घातल्यास वेदनादायक होतात. बोटे पुढील टोकाला टेकलेली व किंचित वाकलेली असावीत, परंतु दुमडून दुखू नयेत. टाच आत उचलली जाऊ नये. दिवसभरात पाय थोडे फुगत असल्याने बूट सायंकाळी घालून पाहणे इष्ट असते. अस्तर नसलेले चामडी बूट वापराने सैल होतात, कृत्रिम धाग्याचे फारसे होत नाहीत. पायथ्यापर्यंतच्या चालीसाठी मात्र वेगळी पादत्राणे लागतात.

### हार्नेस

बैठ्या हार्नेसमध्ये कमरपट्टा, दोन मांडीपट्टे, त्यांना जोडणारे बिले लूप आणि साधने अडकवण्याचे लूप असतात. कमरपट्टा नितंबास्थीच्या वर बसला पाहिजे आणि आवळल्यानंतर खाली ओढूनही त्यावरून सरकता कामा नये. अन्यथा आरोहक उलटा झाल्यास हार्नेसमधून निसटण्याचा धोका असतो. बारीक कमरेच्या लहान मुलांसाठी याच कारणाने पूर्णदेह हार्नेस वापरतात. खरेदीपूर्वी दुकानात हार्नेस घालून काही मिनिटे लटकून पाहणे ही मापाची सर्वांत विश्वसनीय कसोटी होय.

काही हार्नेसच्या बकलमधून पट्टा एकदा ओवून पुन्हा उलट दिशेने परत ओवावा लागतो. तो परत न ओवल्यास भार पडताच पट्टा सुटू शकतो. प्रथम खरेदी करणाऱ्यास स्वयंआवळ बकलचा हार्नेस अधिक सोयीचा असतो. दोर नेहमी कमर व मांडी या दोन्ही बांधणीबिंदूंतून ओवून आठाच्या गाठीने बांधला जातो, तर बिले व रॅपलिंगसाठीचा कॅराबिनर बिले लूपमध्ये अडकवला जातो. सामान अडकवण्याचे लूप शरीराचा भार पेलण्यासाठी नसतात.

### शिरस्त्राण

शिरस्त्राण वरून पडणाऱ्या दगडांपासून, तसेच पतनात डोके कड्यावर आपटण्यापासून संरक्षण देते. प्रमाणित चाचणीत ५ किलोग्रॅमचे वजन २ मीटर उंचीवरून त्यावर टाकतात. कठीण कवचाची शिरस्त्राणे जड पण टिकाऊ असतात. फोमची हलकी असतात, मात्र एका मोठ्या आघातानंतर बाद करावी लागतात. सायकल वा दुचाकीची शिरस्त्राणे वेगळ्या प्रकारच्या आघातासाठी बनवलेली असल्याने ती पर्याय ठरत नाहीत. बिले देणाऱ्या व्यक्तीनेही शिरस्त्राण घालणे आवश्यक असते, कारण सुटलेले दगड बहुधा तिच्याच दिशेने येतात.

### चॉक व इतर

मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड तळहातावरील घाम शोषते. ती कमरेला बांधलेल्या पिशवीत ठेवतात. सैल केस, ओढणी व गळ्यातील दागिने बिले साधनात अडकू शकतात, तर अंगठी भेगेत अडकून बोटाला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून चढाईपूर्वी ते आवरले वा काढले जातात.

## दोर

दोर ही सर्वाधिक खर्चिक व सर्वाधिक गैरसमज असलेली प्राथमिक बाब आहे. दोरांचे दोन मूलभूत प्रकार आहेत. डायनॅमिक दोर पतनात ताणला जाऊन ऊर्जा शोषतो. मानकानुसार पहिल्या प्रमाणित पतनात त्याची लांबी ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकते. स्थिर किंवा अल्पताण दोर अत्यल्प ताणला जातो व तो रॅपलिंग, बचावकार्य आणि माथ्यावर टॉप रोपचा आधार उभारण्यासाठी वापरला जातो. अग्र आरोहकाने स्थिर दोर वापरल्यास पतनाचा संपूर्ण आघात शरीर व आधारबिंदू यांवर येतो. दोर न तुटताही असे पतन प्राणघातक ठरू शकते.

पतनाची तीव्रता पतनगुणकाने मोजतात. पतनाची लांबी भागिले त्या वेळी वापरात असलेल्या दोराची लांबी, हे त्याचे सूत्र होय. बिले देणाऱ्याच्या ५ मीटर वर गेलेला आरोहक मधल्या आधाराविना पडला, तर तो १० मीटर पडतो व दोर केवळ ५ मीटर असतो. पतनगुणक २ येतो, जो सामान्य चढाईतील कमाल आहे. तेच १० मीटरचे पतन ५० मीटर दोरावर झाल्यास गुणक ०.२ इतकाच असतो. म्हणजे पतनाची लांबी समान असूनही आघात कितीतरी कमी असतो. एकेरी दोराची चाचणी ८० किलोग्रॅम वस्तुमान व सुमारे १.७७ पतनगुणकाने घेतात.

डायनॅमिक दोर तीन प्रकारचे असतात व त्यांच्या टोकावरील खुणांनी ओळखले जातात : वर्तुळातील १ हा अंक एकेरी दोराची, ½ हा अर्ध दोराची आणि परस्परांत गुंतलेली दोन वर्तुळे जुळ्या दोराची खूण होय. नवोदितासाठी सुमारे ९.८ ते १०.२ मिलिमीटर जाडीचा एकेरी दोर योग्य समजला जातो. तो हाताळण्यास सोपा व झिजेला टिकाऊ असतो. दोराची लांबी मार्गाच्या उंचीच्या दुपटीहून अधिक असावी लागते. ३० मीटर उंचीच्या मार्गावरून आरोहकास खाली सोडण्यासाठी किमान ६० मीटर दोर हवा. दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ मारण्याची पद्धत याचसाठी आहे, कारण टोक बिले साधनातून निसटल्याने होणारे अपघात त्यामुळे टळतात.

## जोडसाधने

### कॅराबिनर

कॅराबिनर म्हणजे स्प्रिंगचे दार असलेली धातूची कडी. त्यावर तीन बळांचे आकडे कोरलेले असतात : लांबीच्या दिशेने दार बंद असताना, आडव्या दिशेने आणि दार उघडे असताना. साध्या कॅराबिनरसाठी ही किमान बळे अनुक्रमे २०, ७ व ७ किलोन्यूटन असतात. दार उघडे राहिल्यास किंवा भार आडवा पडल्यास बळ सुमारे एकतृतीयांशावर येते, हे यातून स्पष्ट होते. पतनाच्या वेळी सर्वांत वरच्या कॅराबिनरवर आरोहक आणि बिलेयर या दोन्ही बाजूंचा ओढा एकत्र येत असल्याने तेथील भार आरोहकावरील आघाताच्या दीडपटीहून अधिक होतो.

ज्या ठिकाणी एकाच कॅराबिनरवर जीव अवलंबून असतो, तेथे लॉक होणारा कॅराबिनर अनिवार्य असतो. नवोदिताने नासपतीच्या आकाराचे रुंद स्क्रूगेट कॅराबिनर घेतल्यास ते बिले, रॅपलिंग व आधारबांधणी या तिन्हींसाठी चालतात. पोलादी कॅराबिनर जड असले तरी सतत वापराच्या टॉप रोप आधारासाठी अधिक टिकतात.

### बिले साधन

बिले साधन घर्षणाने दोर रोखते. नळीच्या आकाराचे साधे साधन स्वस्त, हलके आणि दुहेरी दोरावर रॅपलिंगसाठीही उपयुक्त असते. आठाच्या आकाराचा डिसेंडर रॅपलिंगसाठी सर्वत्र परिचित आहे; परंतु त्यामुळे दोराला पीळ पडतो. पेट्झल कंपनीच्या १९९१ सालच्या ग्रिग्रीपासून प्रचलित झालेली साहाय्यक रोधक साधने दोराला झटका बसताच तो पकडतात. तथापि कोणत्याही साधनात दोराच्या रोधक बाजूवरील हात कधीही सोडायचा नसतो. दोराची जाडी साधनावर दिलेल्या मर्यादेत असणेही आवश्यक असते.

### स्लिंग व सहाय्यक दोरी

शिवलेल्या स्लिंग नायलॉन किंवा डायनीमा या धाग्यांच्या असतात. डायनीमा हलका व मजबूत असला तरी तो जवळजवळ ताणला जात नाही आणि सुमारे १४५ अंश सेल्सिअसला वितळतो. नायलॉनचा द्रवणांक यापेक्षा बराच अधिक आहे. स्लिंगने आधाराला बांधून घेतलेली व्यक्ती आधाराच्या वर चढून पडली, तर लहान पतनही तीव्र झटका देते. म्हणून स्वतःला बांधून घेताना स्लिंग नेहमी ताणलेली ठेवतात. धावता दोर स्थिर स्लिंगवर थेट घासल्यास घर्षणाच्या उष्णतेने स्लिंग वितळून तुटू शकते, त्यामुळे दोन्हींच्या मध्ये कॅराबिनर असणे अत्यावश्यक आहे. रॅपलिंगमध्ये प्रुसिकसारखी गाठ सुरक्षेसाठी घेण्याकरिता ५ ते ७ मिलिमीटर जाडीची सहाय्यक दोरी वापरतात. ती मुख्य दोरापेक्षा पातळ असेल तरच गाठ पकड घेते.

## सह्याद्रीतील विशेष बाबी

महाराष्ट्रातील तैलबैला, लिंगाणा, जीवधनजवळील वानरलिंगी, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आदी आरोहणस्थळे दख्खनच्या बेसाल्ट खडकाची आहेत. लाव्हाच्या थरांमुळे या कड्यांवर टप्पे निर्माण झालेले असून त्यांवर सुटे दगड, माती व वाळलेले गवत साठते. दोराच्या हालचालीने किंवा माकडांच्या वावरामुळे दगड खाली येतात. त्यामुळे कृत्रिम भिंतीवर ऐच्छिक वाटणारे शिरस्त्राण येथे पहिल्या क्रमांकाचे साधन ठरते. बेसाल्टच्या धारदार कडांवर दोर घासू नये म्हणून आधारस्थानी दोराखाली जाड कापडी आवरण ठेवतात.

अनेक भेगा बंद वा मातीने भरलेल्या असल्याने सह्याद्रीत पिटॉन व बोल्ट यांचा वापर मोठ्या प्रमाणावर झाला आहे. पावसाळ्यातील आर्द्रतेने जुने पोलादी बोल्ट व मेखा गंजतात, तर कड्यावर सोडलेल्या स्लिंग उन्हाने कमकुवत होतात. अशा जुन्या आधारांवर तपासणीविना भार देणे धोक्याचे असते. हिवाळ्यातील कोरड्या हवामानात चढाई प्राधान्याने केली जाते. उन्हाळ्यात तापलेला कातळ, पाण्याचे दुर्भिक्ष आणि कड्यांवरील आग्या मोहोळे यांचा विचार करावा लागतो. मधमाश्यांच्या हल्ल्यात वेगाने माघार घेता यावी यासाठी रॅपलिंगची तयारी आधीच असणे महत्त्वाचे ठरते.

## खरेदीचा क्रम

प्रशिक्षण शिबिरे व क्लबांमध्ये सामूहिक साधने उपलब्ध असल्याने सर्व साधने एकाच वेळी घेण्याची गरज नसते. सामान्यतः पुढील क्रम सुचवला जातो :

1. बूट व शिरस्त्राण, कारण दोन्हींचे माप व्यक्तीनुसार बदलते.
2. हार्नेस, दोन लॉक होणारे कॅराबिनर आणि नळीसारखे बिले साधन.
3. एक नायलॉन स्लिंग, प्रुसिकसाठी सहाय्यक दोरी आणि आणखी एक लॉक होणारा कॅराबिनर.
4. नियमित सराव व जोडीदार निश्चित झाल्यावर डायनॅमिक दोर.
5. अग्र आरोहणाचे प्रशिक्षण घेतल्यानंतर क्विकड्रॉ. त्यापुढे नट व कॅम.

इतरांनी वापरलेले बूट किंवा तपासलेले धातूचे साधन घेता येते. परंतु वापरलेला दोर, हार्नेस, स्लिंग वा शिरस्त्राण अनोळखी व्यक्तीकडून घेणे टाळले जाते. धाग्याच्या साधनांचा पूर्वेतिहास केवळ पाहून कळत नाही.

## देखभाल व वापराची मर्यादा

नायलॉनला सर्वाधिक अपाय आम्ल, अतिनील किरण, उष्णता आणि घर्षण यांपासून होतो. वाहनाच्या बॅटरीतील आम्लाचा किंवा त्याच्या वाफेचा संपर्क झालेला दोर बाह्यतः निर्दोष दिसूनही अल्प भाराला तुटू शकतो. म्हणून वाहनाच्या डिकीत दोर उघडा ठेवू नये. दोरावर पाय देऊ नये, कारण वाळूचे कण आवरणातून आत शिरून गाभ्याचे तंतू कापतात. मळलेला दोर साध्या पाण्याने किंवा सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवतात. भिजलेल्या दोराची पतन सहन करण्याची क्षमता लक्षणीय घटते.

प्रत्येक चढाईपूर्वी दोर हातातून सरकवत तपासतात. मऊ पडलेला वा चपटा भाग, फाटलेले आवरण किंवा बाहेर आलेला पांढरा गाभा आढळल्यास दोर बाद करतात. अनेक निर्माते धाग्याच्या साधनांसाठी न वापरतादेखील कमाल १० वर्षांची मर्यादा सांगतात. नियमित वापरात हा काळ बराच कमी होतो. कॅराबिनरमध्ये खोल खाच, तडा किंवा पूर्ण न मिटणारे दार हे दोष पाहतात.

झिजेकडे दुर्लक्ष करण्याचे परिणाम अनुभवी आरोहकांनाही भोगावे लागले आहेत. २००६ साली अमेरिकेतील योसेमिटी येथील लीनिंग टॉवर या कड्यावरून रॅपलिंग करताना विख्यात आरोहक टॉड स्किनर यांच्या हार्नेसचे झिजलेले बिले लूप तुटले व त्यांचा मृत्यू झाला. या घटनेनंतर हार्नेस वेळीच बदलण्याविषयी आरोहकांमध्ये अधिक जागरूकता आली.

## प्रशिक्षणाचे महत्त्व

प्रमाणित साधनेही चुकीच्या वापराने निरुपयोगी ठरतात. अपुरी बांधलेली गाठ, न आवळलेला स्क्रूगेट, उलटा ओवलेला दोर या चुका साधनांच्या दोषांपेक्षा अधिक संभवतात. म्हणून चढाईपूर्वी आरोहक व बिलेयर यांनी परस्परांचे बकल, गाठ, कॅराबिनर आणि बिले साधन तपासण्याची पद्धत जगभर रूढ आहे.

भारतात दार्जिलिंग येथील हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (स्थापना १९५४) आणि उत्तरकाशी येथील नेहरू गिर्यारोहण संस्था (स्थापना १९६५) यांच्या अभ्यासक्रमांत प्रस्तरारोहणाचा समावेश असतो. महाराष्ट्रात मुंबईतील गिरिविहारसह अनेक गिर्यारोहण संस्था प्रस्तरारोहणाला चालना देतात. स्पोर्ट क्लाइंबिंगच्या बोल्डरिंग विश्वचषक मालिकेतील एक स्पर्धा २०१६ साली नवी मुंबई येथे झाली, तर टोकियो ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथमच समावेश झाला. त्यामुळे कृत्रिम भिंतीवरून या क्रीडाप्रकारात येणाऱ्यांची संख्या वाढत आहे. भिंतीवर आधार, बोल्ट व दोर यांची जबाबदारी व्यवस्थापनाकडे असते. नैसर्गिक कड्यावर ती पूर्णपणे आरोहकांवर येते. हा फरक लक्षात घेऊन, भिंतीवरील अनुभवानंतरही नैसर्गिक कातळावरील पहिल्या चढाया जाणकार मार्गदर्शकासोबत करणे आवश्यक मानले जाते.

## हेही पाहा

- गिर्यारोहण
- सह्याद्री
- रॅपलिंग
- बोल्डरिंग
- दख्खनचे पठार